बापाकडून आलेलं

अक्काच्या छातीत गाठ निघाली तेव्हा ती ४२ वर्षांची होती. लातुरात पहिल्यांदा ज्या दवाखान्यात दाखवलं, तिथं केसपेपर काढताना विचारलं, "आईला, मावशीला, आजीला कुणाला कॅन्सर होता का?" माय शेजारीच बसलेली. तिनं लगेच सांगितलं, "न्हाई, आमच्याकडं कुणालाच न्हाई." ती खरंच बोलत होती. मायच्या माहेरच्या बायका काठी टेकत का होईना, ऐंशी-पंच्याऐंशीपर्यंत जगल्या. कागदावर 'घरात कॅन्सर नाही' असं लिहिलं गेलं आणि पुढं फाइल जिथं जिथं गेली तिथं तिथं तेच उतरत गेलं.

वडिलांकडचं कुणी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून कुणी सांगितलंही नाही. वडील प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेले होते. त्यांची सख्खी बहीण, माझी आत्या, अंडाशयाच्या कॅन्सरनं गेली. आजीबद्दल तर आम्हाला 'करट झालं होतं' एवढंच माहीत. घरात वडिलांचं दुखणं म्हणजे 'लघवीचा त्रास', आत्याचं 'पोटात पाणी' आणि आजीचं 'करट'. तीन माणसं, तीन वेगवेगळी दुखणी. ती एका ओळीत मांडून बघावीत असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. स्तनाचा कॅन्सर बाईचा, तेव्हा तो आला तर आईकडूनच येणार, असं सगळेच धरून चाललेले. ही समजूत किती घरांत आहे ते मला आता कळतंय, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

अक्काची पुढची ट्रीटमेंट बार्शीला झाली. आमच्या भागातल्या माणसाला बार्शी जवळ पडते. लातूर, धाराशिव, बीड, तिन्हीकडचे पेशंट तिथल्या कॅन्सर हॉस्पिटलात दिसतात. केमोच्या वेळी एक तरुण डॉक्टरीण राउंडला यायची. एक दिवस तिनं सहज विचारलं, "वडील कशानं गेले?" अक्कानं सांगितलं. "त्यांना बहीण-भाऊ?" अक्कानं आत्याचंही सांगितलं. तशी ती खुर्ची ओढून बसली आणि पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागली. कोण कितव्या वर्षी आजारी पडलं, गाठ कुठं होती, कागद आहेत का. शेवटी म्हणाली, "ताई, तुमची जनुकीय तपासणी करायला पाहिजे. तुमच्यासाठीही आणि तुमच्या भावासाठीही."

मी म्हणलं, "माझ्यासाठी कामून?"

तिनं शांतपणे समजावलं. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर बायका घेतल्या तर त्यातल्या पाच ते दहा जणींचाच कॅन्सर घराण्यातून आलेला असतो, बाकीच्यांचा नाही. पण जो घराण्यातून येतो तो बहुतेक वेळा एखाद्या जनुकातल्या बिघाडामुळे येतो. त्यातली दोन नावं सगळ्यांत महत्त्वाची, बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२. प्रत्येक माणसाकडं या जनुकांच्या दोन-दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक बापाकडून. बापाकडं बिघडलेली प्रत असली तर ती लेकीकडंही जाऊ शकते आणि लेकाकडंही. प्रत्येक लेकराला ती मिळण्याची शक्यता निम्मी. मग बापाला स्तनाचा आजार झालेला असो वा नसो.

तपासणी आधी अक्काचीच करायची होती, माझी नाही. मला वाटलं होतं, मी निरोगी आहे, माझं रक्त दिलं की काम झालं. पण ज्याला आजार झालाय त्याच्या रक्तात आधी शोधायचं असतं. तिथं नेमका बिघाड सापडला की नातेवाइकांमध्ये तेवढाच बघायचा. उलट केलं आणि माझ्यात काही निघालं नाही, तर मला तो मिळालाच नाही की आमच्या घरातला बिघाड त्या तपासणीत दिसतच नाही, हे कुणी सांगू शकलं नसतं.

ही तपासणी नवी मुंबईत खारघरला, टाटाच्या कॅन्सर केंद्रात व्हायची होती. तिथं जायच्या आधी आम्हाला घराण्याची माहिती गोळा करायला सांगितलं होतं. तीन पिढ्या. कोणाला कुठल्या अवयवाचा कॅन्सर, कितव्या वर्षी. वाचायला सोपं वाटतं. आमचं मूळ गाव औसा तालुक्यात, किल्लारीच्या पट्ट्यात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात वाडा बसला. पत्र्याच्या पेटीत जे काही कागद होते ते दगडमातीखाली गेले. आजीचा दाखला नाही, फोटो नाही. मग मी आजीच्या धाकट्या जावेकडं गेलो. तिचं वय आता नव्वदीच्या घरात, पण बोलणं खणखणीत. ती पुनर्वसनातल्या घराच्या ओट्यावर बसली होती. "आजी किती वर्षांची असताना गेली?" म्हणून विचारलं तर म्हणाली, "वरीस म्या काय सांगावं बाबा?"

मग आम्ही दुसऱ्या वाटेनं गेलो. पोलीस ॲक्शनच्या वेळी आजी केवढी होती? "धा-अकरा वर्साची. रजाकाराच्या भ्यानं आम्ही समदे शिवारात जाऊन ऱ्हायलो व्हतो, तवा ती परकरात व्हती." म्हणजे १९४८ ला दहा-अकरा. आणि गेली कधी? "बहात्तरच्या दुस्काळात. पाऊस पडायच्या आधी." म्हणजे १९७३ चा उन्हाळा. तिथंच ओट्यावर हिशेब केला. पस्तीस-छत्तीस वर्षांची बाई.

ती पुढं जे बोलली ते मी त्यावेळी मोबाइलवर रेकॉर्ड करून घेतलं, कारण मला ते लिहिता आलं नसतं. दुष्काळी कामावर खडी फोडायला बायका जायच्या. आजीच्या डाव्या छातीला गाठ होती आणि ती फुटली होती. "लुगड्याच्या पदराखाली चिंधी दाबायची न् हातोडा मारायची. वास यायचा गं माय. तिला कळायचं, म्हणून ती आमच्यापासनं दूर बसायची." करट म्हणून वैद्याचा लेप लावला, गावातल्या एकानं डागलं. दवाखान्याचं नाव कुणी काढलं नाही. वडील तेव्हा अठरा वर्षांचे होते. त्यांनी हे आम्हाला जन्मात कधी सांगितलं नाही. मला वाटतं, सांगण्यासारखं त्यांच्याकडं शब्दच नव्हते.

आत्याचे कागद मात्र मिळाले. ती कळंब तालुक्यात दिली होती. तिच्या थोरल्या लेकानं एक प्लास्टिकची पिशवी माळ्यावर ठेवलेली, तिच्यात २००९ चा रिपोर्ट निघाला. अंडाशयाचा कॅन्सर, पोटात पसरलेला. आत्या तेव्हा ५१ वर्षांची. तिच्या बाबतीत घरच्यांची एक वेगळीच समजूत झाली होती. उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरचा एक फार मोठा अभ्यास झाला होता. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून जास्त बायका त्यात होत्या, आणि त्याचे निष्कर्ष २००९ साली जगभर छापून आले. आत्याच्या गावातही बार्शीची गाडी आली होती आणि तिची तपासणी झाली, काही निघालं नाही. तेव्हापासून घरात 'हिचं कॅन्सरचं तपासलंय' हे पक्कं बसलं. पोट फुगायला लागलं तरी गॅस समजून महिने गेले. तपासलं होतं ते गर्भाशयाचं मुख. अंडाशय हा वेगळा अवयव आणि त्याचा कॅन्सर वेगळा. त्या अभ्यासानं कितीतरी बायका वाचल्या, त्याचं मोल मी कमी करत नाही. पण एका अवयवाचा चांगला रिपोर्ट हा सगळ्या अंगाचा दाखला नसतो, हे त्यावेळी कुणीतरी गावातल्या बायकांच्या कानावर घालायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट मला टोचते. बीआरसीए-२ हे जनुक १९९५ साली सापडलं. आत्या त्यानंतर चौदा वर्षांनी गेली.

खारघरला टाटाच्या केंद्रात आनुवंशिक कॅन्सरचा वेगळा विभाग आहे. रात्रीच्या लातूर-मुंबई गाडीनं गेलो, तिथून लोकल. समुपदेशन करणारी बाई मराठीत बोलत होती. अक्का केमोनंतरच्या थकव्यात, डोक्याला रुमाल बांधलेला. तिच्याशी घाई न करता बोलत होती. तिनं मोठा कागद घेतला आणि आमचं घराणं काढलं. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याला कॅन्सर झाला त्याचं चिन्ह भरायचं, जो गेला त्याच्यावर तिरपी रेघ. अक्काच्या गोलाला बाण. आजीचा गोल काळा, वडिलांचा चौकोन काळा, आत्याचा गोल काळा. एका बाजूला मायचं माहेर पूर्ण कोरं आणि दुसऱ्या बाजूला ही काळी रांग सरळ खाली अक्कापर्यंत आलेली. इतकी वर्षं आमच्या डोळ्यांसमोर होतं ते तेव्हा पहिल्यांदा दिसलं. अक्का बराच वेळ त्या कागदाकडं बघत होती. मग म्हणाली, "म्हंजी बापाकडून आलंय."

बाईनं विचारलं, "तुमच्यात नात्यात लग्नं होतात का?" अक्का हसली, "मामाची पोरगी करायची रीतच हाय आमच्यात." त्या प्रश्नाचं वजन मला तेव्हा कळलं नाही.

रक्त घ्यायच्या आधी संमतीचा फॉर्म होता आणि तो नुसता सही करायचा फॉर्म नव्हता. निकाल आला तर तुम्हाला कळवायचा का? तुमच्या नातेवाइकांना सांगायला तुमची हरकत आहे का? उरलेलं रक्त संशोधनासाठी ठेवायचं का? एकेक वाचून, समजावून. अक्काचा एकच प्रश्न होता. "माझ्या पोरीला पुढं कुणी करून घेईल का?" बाईनं खोटा धीर दिला नाही. म्हणाली, "निकाल गुप्त राहतो, तुम्ही सांगाल त्यालाच कळेल. पण तुमच्या मुलीला हे माहीत असणं तिच्या जिवासाठी गरजेचं आहे." मग जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं, चार-पाच मिली. एवढंच. शुगर तपासायला देतो तेवढं.

निकालाला काही आठवडे लागतात. बाजारात तेव्हा सोयाबीनची आवक जोरात होती, मी आडतीवर सकाळपासून रात्रीपर्यंत. तेच बरं झालं.

निकाल फोनवर सांगत नाहीत, समोर बसवून सांगतात. बीआरसीए-२ मध्ये बदल सापडला होता, आजार निर्माण करणारा. बाईनं सांगितलं की जनुकातली अक्षरं तीन-तीनच्या गटानं वाचली जातात आणि तुमच्या घरात एक अक्षर गळालंय. मला हे लगेच समजलं. आमच्या आडतीच्या हिशेबाच्या पट्टीवर लिहिताना एक आकडा गाळला की पुढची प्रत्येक रक्कम एक घर सरकते आणि खालची बेरीज कशाचीच राहत नाही. तसंच. त्या प्रतीपासून जे प्रथिन बनायचं ते अर्धवटच बनतं. पेशीतला डीएनए तुटला की तो नीट जोडायचं काम हे प्रथिन करतं. दुसरी प्रत चांगली असते तोवर निभतं. कुठल्या पेशीत दुसरीही बिघडली की तिथं कॅन्सरला वाट मिळते.

आकडे ऐकायला कठीण होते, पण ते ऐकायलाच पाहिजेत. हा बदल असलेल्या बाईला ऐंशी वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याचा धोका साधारण शंभरात ६९. अंडाशयाचा साधारण १७, एरवी हाच आकडा एक-दोन असतो. पुरुषालाही स्तनाचा कॅन्सर होतो, या बदलासोबत शंभरात सहा-सात जणांना. प्रोस्टेटचा धोका तर कितीतरी वाढतो आणि तो कमी वयात, जास्त आक्रमक येतो. स्वादुपिंडाचाही थोडा वाढतो. वडिलांचा 'लघवीचा त्रास' हाही याच ओळीतला होता.

हा निकाल अक्काच्या उपचारालाही लागला. काही औषधं, ओलापॅरिबसारख्या गोळ्या, असा बदल असलेल्या रुग्णांमध्येच जास्त काम करतात. आणि अंडाशय काढून टाकायचा निर्णय. बीआरसीए-२ मध्ये तो साधारण ४० ते ४५ या वयात, लेकरं झाल्यावर घ्यावा असं सुचवतात, कारण अंडाशयाचा कॅन्सर लवकर पकडेल अशी भरवशाची तपासणी अजून नाही. अक्कानं विचार करायला वेळ मागितला. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला, "आत्याचं पोट बघितलंय म्या. काढून टाकू." दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. नंतर अंगातून वाफा निघायच्या, झोप उडाली. हे आधी सांगितलेलं होतं, पण सांगणं वेगळं आणि रात्री दोनला उठून अंगणात बसणं वेगळं. दाजी तिच्याबरोबर बसून राहायचे, पंख्याचा आवाज नको म्हणून हातानं वारा घालायचे.

मग माझी पाळी. माझी तपासणी सोपी होती, फक्त त्या एका जागेवर बघायचं, आणि खर्चही अक्काच्या पहिल्या तपासणीपेक्षा बराच कमी. अवघड होतं ते घरात. बायको म्हणाली, "तुम्हाला काय झालंय? उगं कशाला इचू अंगावर घ्यायलाव?" तिचं भ्यायचं कारण मला माहीत होतं. आम्हाला दोन पोरी. थोरली एकोणीस, धाकटी नववीत. मी नाही म्हणलो असतो तर माझं काही अडत नव्हतं. पण पोरींपर्यंत ही रेघ जायची तर माझ्यातूनच जाणार होती.

माझा निकाल पॉझिटिव्ह आला. परतीच्या गाडीत मला पोरींशिवाय काही सुचत नव्हतं. त्यांच्या लहानपणी कुणी म्हणायचं, थोरलीचं नाक बापासारखं आहे, तर मला किती आनंद व्हायचा. स्वतःपुरतं सांगायचं तर मला वर्षातून एकदा प्रोस्टेटसाठी पीएसएची रक्ततपासणी आणि डॉक्टरांकडून छातीची तपासणी. छातीला गाठ लागते का हे पुरुषानंही हातानं बघायचं असतं, हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. मी माझ्या आडतीवरच्या माणसांना सांगितलं. ते आधी गोंधळले, मग एक जण दुपारी हळूच येऊन म्हणाला, "शेठ, मला एक गाठ हाय, दाखवू का?" मी त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडं पाठवलं. साधी चरबीची निघाली.

आता त्या 'मामाच्या पोरी'चं. अक्काचा लेक एकवीस वर्षांचा. तो आणि माझी थोरली यांचं दोघांच्या लहानपणापासून घरात ठरल्यासारखं. सणावाराला अक्का माझ्या पोरीला 'सूनबाई' म्हणूनच हाक मारायची. निकालानंतर मी समुपदेशन करणाऱ्या बाईंना हे विचारलं आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं. दोघांनाही हा बदल मिळाला असेल तर त्यांच्या प्रत्येक लेकराला दोन्ही बाजूंनी बिघडलेली प्रत मिळायची शक्यता चारात एक. आणि बीआरसीए-२ च्या दोन्ही प्रती बिघडल्या की लेकरू फॅन्कोनी ॲनिमिया नावाचा गंभीर आजार घेऊन येतं. रक्त बनत नाही, लहानपणीच कॅन्सर होऊ शकतो. आमच्या भागात मामाच्या पोरीशी लग्नं सर्रास होतात. एका घराण्यात असा बदल असेल तर तो त्या लग्नातून दोन्ही बाजूंनी खाली उतरू शकतो. दोघांची तपासणी झाल्याशिवाय पुढचं पाऊल टाकू नये, एवढं त्या म्हणाल्या.

हे अक्काला मी सांगायचं होतं. मी तिच्या घरी गेलो, तिनं चहा ठेवला आणि मी सांगितलं. ती गॅससमोर उभीच होती. चहा उतू गेला. तिनं गॅस बंद केला, ओटा पुसला आणि म्हणाली, "मग न्हाई. माझी हौस लेकरांपेक्षा मोठी न्हाई." त्या दिवसापासून ती माझ्या पोरीला नावानं हाक मारते.

थोरलीला मी सगळं सांगितलं. लहान लेकरांची ही तपासणी करत नाहीत, अठरा झाल्यावर ज्यानं त्यानं ठरवायचं. तिनं ऐकून घेतलं, बरेच प्रश्न विचारले, त्यातल्या काहींची उत्तरं माझ्याकडं नव्हती, ती तिनं लिहून ठेवली. अजून रक्त दिलेलं नाही. म्हणाली, "पंचविसाव्या वर्षी छातीचा एमआरआय सुरू करायचाय ना, त्याच्या आधी मी करीन. पण आता परीक्षा हाय." मी तिच्यावर दडपण आणत नाही. तिच्या आईला ते पटत नाही, पण हा पोरीचाच निर्णय आहे.

सगळ्यांत जड गेलं ते भावकीत सांगणं. केंद्रानं नातेवाइकांसाठी एक पत्र दिलं होतं. त्यात आमच्या घरातल्या बदलाचं नाव आणि तो कुठल्या जनुकात आहे ते लिहिलेलं. त्याच्या झेरॉक्स काढून मी घरोघरी नेल्या. धाकटे चुलते म्हणाले, "बायकांच्या आजाराचं मला कशाला दाखवायलास? उद्या सोयरीक जमायची हाय पोराची, गावभर करू नको." मी गावभर करत नव्हतो, त्यांच्याच ओसरीत बसून बोलत होतो. पण सोयरिकीची भीती खोटी नाही, म्हणून मी वाद घातला नाही. पत्र तिथं ठेवून आलो.

त्यांची लेक पुण्याला असते. तिच्या हाती ते पत्र पडलं आणि तिनं घाबरून कुणाला न विचारता एका खाजगी कंपनीची मोठी तपासणी केली. रिपोर्ट सरळ मेलवर आला. भलत्याच एका जनुकात 'अर्थ निश्चित नाही' असा बदल. तिच्या एका डॉक्टरनं तर अंडाशय काढायची भाषा केली. पोरगी अठ्ठावीस वर्षांची, लग्न व्हायचं. मी तिला समुपदेशन करणाऱ्या बाईंशी जोडून दिलं. त्यांनी सांगितलं, असे बदल माणसागणिक सापडतात, त्यांतले बहुतेक पुढं निरुपद्रवी ठरतात, त्यावरून ऑपरेशन करत नाहीत. तुझ्यासाठी प्रश्न एकच आहे, घरातला तो बदल तुझ्यात आहे का. तेवढंच बघितलं. नव्हता. ती फोनवर रडली. पण चुलतभावाला मी तेव्हाच सांगितलं, बहिणीचा निगेटिव्ह आला म्हणजे तुझा आला असं नाही. चुलत्यांमध्ये असेल की नाही हे तिच्या निकालावरून कळत नाही. तो हो म्हणाला, आणि गेला नाही.

आत्याच्या घरी तिच्या लेकांनी पत्र घेतलं, पण बहिणीला सांगू नका म्हणाले. ती सासरी, चव्वेचाळीस वर्षांची, नवरा तापट, उगं संसारात कालवाकालव नको. भाऊ म्हणून त्यांना तिची काळजी होती, ते मला दिसत होतं. पण तिच्या आईच्या पोटातलं पाणी काढताना बादली धरायला ती होती, भाऊ नव्हते. मी तिच्या सासरी गेलो. तिचे मालक घरात होते, त्यांच्यासमोरच बोललो, काही आडपडदा न ठेवता. ते गप्प ऐकत होते. मग त्यांनीच विचारलं, "कुठं न्यायचं म्हणता?"

तिचं रक्त आता गेलंय, निकाल यायचाय. अक्काच्या लेकानंही दिलंय. चुलतभाऊ अजून तयार नाही. दिवाळीला गावाकडं येईल तेव्हा मी त्याच्याशी पुन्हा बोलणार आहे.